पेवात उतरण्याआधी

मी कॉलेजातून सुटीत घरी गेलो, त्या वर्षी आमच्या गावात ज्वारी जवळजवळ कुणी पेरलीच नव्हती. अमेरिकेतल्या लढाईमुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईना आणि आमच्याकडे बांधापर्यंत कापसाची पऱ्हाटी उभी होती. नांदगाव खंडेश्वरापासून अमरावतीपर्यंत रस्त्यावर कापसाच्या गाड्याच गाड्या. वेचायला येणाऱ्या बाया मात्र मजुरी ज्वारीतच मागायच्या, कारण बाजारात ज्वारी मिळत नव्हती. "ज्वारी नसन तं आमी दुसऱ्या गावी जातो," असं त्यांनी माझ्या बाला, म्हणजे वडलांना, तोंडावर सांगितलं होतं. इकडे बोंडं फुटून कापूस खाली गळत होता. म्हणून बानं जमिनीखाली ज्वारी साठवलेलं पेव उघडायला काढलं.

आमचं पेव गावठाणाच्या पांढऱ्या मातीत, पांढरीत होतं. वर एका माणसापुरतं तोंड, आत रांजणासारखं मोठं पोट, खोली दोन माणसांच्या उंचीएवढी. पेवं खणायची आणि उघडायची कामं गावात एक चाचा करायचे. ते म्हणायचे, "पेव पोटभर जेवलेल्या मानसावानी असते. झाकन काढलं का आधी त्याले ढेकर देऊ द्या." मग ते दिवसभर तोंड उघडं ठेवत, दोराला बांधलेली कडुनिंबाची फांदी खालीवर करत, दिवा थेट धान्यापर्यंत सोडत आणि तो जळत राहिला तरच कमरेला दोर बांधून उतरत. पण त्या हंगामात चाचा कापसाच्या गाड्यांबरोबर अकोल्याला गेले होते. गावातला कोण गेला नव्हता?

दादानं पहिल्या दिवशी चाचांसारखंच सगळं केलं. अर्धं पेव उपसून झालं; ती ज्वारी थकलेल्या मजुरीत वाटून संपली. संध्याकाळी आभाळ भरून आलं, म्हणून त्यानं तोंडावर दगड ठेवला आणि कडा चिखलानं लिंपल्या. सकाळी बाया टोपल्या घेऊन पेवापाशी बसलेल्या. दादानं दगड बाजूला केला आणि लगेच धोतर खोचलं.

आमच्या गावात सगळ्यांचीच एक समजूत होती, की भीती काय ती बंद पेवाची. एकदा उघडलं, माणूस उतरून आला, की पेव निवलं. मलाही लहानपणापासून तसंच वाटत आलं होतं. पण त्या दगडाखालून आंबट, कोंडल्यासारखी वाफ आली आणि मला आमच्या शिक्षकांनी वर्गात दाखवलेली काचेची बरणी आठवली. तिच्या तळाशी नेलेली मेणबत्ती चटकन विझली होती. वाईट हवा जड असते, ती खाली बसते, असं ते म्हणाले होते.

मी म्हटलं, "दादा, दिवा सोडून पाहू."

"काल उतरलो न मी. पेव काय रातीतून बदलते?"

"तरी."

"कालेजात आता पेवंही शिकोतेत काय रे?" दादा हसला. बायाही हसल्या.

लांब दोर त्याच पहाटे गाड्यांबरोबर गेले होते. घरात एकच धड दोर होता आणि तो वहिनीनं दादाच्या काखेतून बांधायला घेतला. दादा कुरकुरला. "बैल हाय का मी?" वहिनी म्हणाली, "बैल असता तं आयकलं असतं. हात वर करा." मी सुतळी जोडून दिवा सोडला. सुतळी अर्ध्यावर संपली. दिवा जळत होता, थोडासा मिणमिणत होता, की मला तसा भास झाला, ते आजही सांगता येत नाही.

"अजून खाली जायला पाहिजे," मी म्हटलं. पण इतक्या हळू म्हटलं, की बानं "काय?" असं विचारलं आणि मी पुन्हा बोललो नाही. दादा म्हणाला, "जळते न? मंग हट."

तो उतरला. एक टोपली भरून वर आली. दुसरी आली नाही. बानं हाक मारली. मी वाकून पाहिलं, तर दादा ज्वारीवर गुडघे टेकून, झोप आल्यासारखा, पुढे कलत होता.

बानं पागोटं काढून फेकलं आणि पाय पेवात सोडले. मी त्याचा दंड धरला. बाचा हात मी तोवर कधी धरला नव्हता. मी ओरडलो, "बा, तुमी उतरू नका. दोघंही जासान. दोर ओढा." बानं माझ्याकडे असं पाहिलं, जसा मी त्याच्यावर हातच उचललाय. पण त्यानं पाय वर घेतले.

आम्ही ओढलं. बा, मी, वहिनी, मागे वेचणाऱ्या दोन बाया. दादाचे खांदे तोंडाशी अडकले, तेव्हा वहिनीनं त्याचा एक हात वर खेचून त्याला तिरपा केला. बाहेर आला तेव्हा त्याचे ओठ जांभळे होते. वाऱ्याला निजवलं, छाती चोळली. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यानं मोठा श्वास घेतला, ओकला आणि डोकं धरून बसला.

बायांतली एक म्हातारी उठली. "आज वेचतो आमी. ज्वारी उद्या देजा," म्हणाली आणि सगळ्या शेताकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावातून लांब दोर आणला. फांदी खालीवर करून माझे हात सोलले. दिवा तळाशी दोनदा विझला. दुपारनंतर तो जळत राहिला, तरी बानं आणखी बराच वेळ वाट पाहायला लावली. दादाला उभं राहिलं की घेरी यायची. बाच्या गुडघ्यांत जोर नव्हता. उरलो मी.

वहिनीनं गाठ तीनदा ओढून पाहिली. "खाली गेल्यावर बोलत राहा, भाऊजी. आवाज थांबला का मी ओढलंच समजा."

आत अंधार, ऊब आणि पायाखाली सरकणारी ज्वारी. दिवा जळत होता. चार वाक्यांत माझं बोलणं संपलं. मी थांबलो तसा दोर ताणला गेला आणि माझे पाय ज्वारीवरून उचलले गेले.

"थांबा, वहिनी, हाय मी," मी म्हटलं. "काय बोलू ते सुचत नाही."

"काहीबी बोल," वरून दादाचा बसलेला आवाज आला. "पन मोठ्यानं बोल, लेका. काल आयकू आलं नाही."

मी टोपली भरू लागलो आणि बेचा पाढा मोठ्यानं म्हणू लागलो.