सीटच्या दांडीवरची गाठ

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. सकाळच्या पारनेर-नगर एसटीत माझ्या शेजारी एक नर्सबाई बसायच्या, पन्नाशीला टेकलेल्या. गाडी हलली की पिशवीतून काळा दोरा काढायच्या आणि पुढच्या सीटच्या दांडीवर एका हातानं गाठी मारत बसायच्या. त्यांचं कोपर सारखं माझ्या वर्तमानपत्रात. एकदा मी वैतागून विचारलं, "बाई, हे काय चाललंय?"

"भाऊ, नगरच्या दवाखान्यात टाके घालायला शिकतीय. बाळंतपणात बाई फाटली तर आमच्या गावात शिवायला कोनी न्हाई. मागं एकीला बैलगाडीतून पारनेरला नेली. सगळ्या वाटंनं मी नुसतं फडकं दाबून धरलं हुतं." त्यांनी गाठ ओढून पाहिली. ती सुटली. "ती वाचली. पन माझी गाठ अशी सुटली, तर पुढची वाचायची न्हाई."

मी वर्तमानपत्राची घडी घातली.

पुढं एकदा नगर स्टँडवर सगळे उतरले, बाई मात्र जागेवरच. गाठी मारताना पिशवीचा बंदही दांडीला बांधला गेला होता.

"ओ बाई, उतरायचं हाय का न्हाई?" कंडक्टर ओरडला. त्यानं हिसके दिले, मी नखं लावून पाहिली. गाठ हलेना.

बाईंचा चेहरा उजळला. "सुटंना! भाऊ, बघा, सुटंना!"

शेवटी कंडक्टरनं ब्लेडनं पिशवीचा बंदच कापला. पिशवी काखेत मारून बाई दवाखान्याकडे जवळजवळ पळतच गेल्या.

शिकणं संपल्यावर त्या पुन्हा दिसल्या नाहीत. गाठ मात्र दांडीवर तशीच राहिली, बंदाच्या तुकड्यासकट. त्या सीटवर जागा मिळाली की मी ती एकदा ओढून बघायचो.