वळसंगचा खंड्या आणि एक तुटका ठसा

वळसंगला फिरायला सहसा कुणी जात नाही. मी गेलो ते फॉर्म भरायला. आमच्या ओळखीच्या पशुवैद्यक मॅडम शाळाशाळांतून रेबीजची माहिती देतात. त्यांना सुवाच्य अक्षराचा माणूस हवा होता. माझी बारावी अर्धवट सुटली, अक्षर मात्र टिकलं. कुत्र्यांची भीती वाटते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सोलापूर स्टँडवरून अक्कलकोटकडे जाणारी एसटी धरा. आठच्या आत निघालात तर जागा मिळते; डाव्या खिडकीला ऊन लागतं. रस्ता चांगला आहे. फाट्यावर चहा मिळतो, जेवण सोबत न्या. मी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि साबणाची वडी नेली होती. साबण मी कुठेही जाताना नेतो.

मॅडम त्यांच्या जीपने आधीच शाळेत पोहोचल्या होत्या. फळ्यावर त्यांनी एकमेकांत अडकलेले तीन गोल काढले: माणूस, जनावर, परिसर. मेलेली जनावरं उघड्यावर टाकली की तिथे कुत्री जमतात. त्यांतलं एक पिसाळलं तरी ते गावात येतं. मुलांनी आठवडाभर आपापल्या गल्लीतल्या कुत्र्यांची वही ठेवली होती. सातवीतल्या महादेवीच्या वहीत शेवटची ओळ होती: 'खंड्या. आमचा. मेला.'

"कशानं मेला?" मॅडमनी विचारलं.

"नरड्यात हाड अडकलं हुतं. लाळ गळत हुती. पानी बी पिईना."

मॅडमनी खडू खाली ठेवला.

महादेवीला घेऊन आम्ही जीपने तिच्या घरी गेलो. गावाबाहेर मेंढरांचा वाडा. तिचे वडील बिराप्पा दारातच बसले होते. मी फॉर्म काढला आणि क्रमाने विचारत गेलो.

"कुत्रा चावला का?"

"इल्ला री. घरचं कुत्रं कशाला चावंल?"

"ओरखडलं?"

"न्हाय की."

दोन्हींपुढे मी 'नाही' लिहिलं. सहीच्या जागी अंगठा घेतला. ठसा मधोमध तुटला. पुन्हा घ्यावा म्हणून त्यांचा अंगठा पुसला, तर त्यावर आडवी चीर.

"हे कशानं?"

"कातरीनं. मेंढरं कातरताना. आठ-धा दिस झालं."

"खंड्या आजारी पडायच्या आधी?"

"व्हय. ह्योच हात त्याच्या नरड्यात घातला की, हाड काढाया. घावलं न्हाय."

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी कुत्रा कुठे पुरला ते विचारलं. पुरला नव्हता, ओढ्यात टाकला होता. तपासायला काही उरलं नव्हतं.

महादेवीने पाणी ओतलं, मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं अंगठा साबणाने धुवायला लावला.

"मास्तर, लगीन लावताय व्हय माजं?" बिराप्पा म्हणाले. "एवढं तर माज्या आईनं बी धुतलं न्हवतं."

"आत्ताच सोलापूरला चला," मॅडम म्हणाल्या. "लाळ चिरेतून आत गेली असेल. लक्षणं दिसल्यावर यावर औषध नाही."

"उद्या येतो. मेंढरं कोन बघंल?"

"आई बघंल," महादेवी म्हणाली. "आप्पा, फळ्यावरच्या गोलात तुमी बी हाय. उटा."

ते उठले. वाटेत मॅडम म्हणाल्या, पिसाळलेल्या कुत्र्यालाही गिळता येत नाही, लाळ गळते; बहुतेक मेंढपाळ हाडच शोधतात. सरकारी रुग्णालयात बिराप्पांना जखमेत सीरमचं इंजेक्शन आणि लसीचा पहिला डोस मिळाला. मी डब्यातली भाकरी पुढे केली. बिराप्पांनी चटणी कमी तिखट असल्याचं सांगितलं.

मी घरी आलो, पुन्हा हात धुतले.

त्यांचे सगळे डोस पूर्ण झाले. बिराप्पा मेंढरांमागे आहेत. खंड्याला रेबीज होता का, ते कळणार नाही. आता प्रत्येक फॉर्मच्या समासात मी एक प्रश्न हाताने लिहितो: कुत्र्याच्या तोंडात हात घातला होता का?

त्या दिवशीचा फॉर्म माझ्याकडे आहे. वर माझ्या सुवाच्य अक्षरात दोनदा 'नाही'. खाली मधोमध तुटलेला ठसा. दुसरा घ्यायचा राहून गेला.