उषाबाईची राखून ठेवायची सवय

उषाबाईच्या घरात कुठलाच डबा तळाला जात नाही. पिठाचा असो की तेलाचा, मूठभर, वाटीभर मागे राहायलाच हवं. धुळ्याकडून सुरतेत उधन्याला नांदायला आली, तेव्हा आईनं हेच शिकवून पाठवलं होतं. आता ही बाई कॉम्प्युटरवर विमान उडवते. म्हटलं तिथं तरी सुटेल ही सवय. कसलं काय!

विमानही साधंसुधं नव्हे. धावपट्टीवरून उठून थेट अंतराळात जाणारं, असा तो खेळ. लेक गायत्रीनं शिकवला. दुपारी साड्यांना खडे चिकटवून मान अवघडली, की उषाबाई खुर्चीत बसायची. खालच्या मजल्यावरचे माग धडधडायचे, फरशी थरथरायची, आणि तिला वाटायचं आपलंच इंजिन चालू झालंय. पडद्यावरचं निळं आभाळ गडद होत जायचं, भर दुपारी चांदण्या निघायच्या. बोटांवरचा डिंक वाळून जायचा, तरी ती बघतच राहायची.

पण पृथ्वीभोवती एक फेरी काही पुरी होईना. दर वेळी थोडक्यात हुकायचं आणि विमान खाली यायचं.

"माय, खाली हवा आहे, तिथं जेटला नुसतं इंधन पुरतं," गायत्री सांगायची. "वर हवा संपली की रॉकेट. त्याला इंधनासोबत ऑक्सिडायझरही लागतो, इंधन जाळायला हवेच्या जागी. तो तू उरवतेस कशाला?"

"परत यायला नको का?"

"परतीला जरासा धक्का लागतो, त्याला बाजूचे छोटे थ्रस्टर आहेत. मग हवाच हवा, जेट चालतं. म्हणून इंधन थोडं ठेव. ऑक्सिडायझर बठ्ठा वापर, सगळाच्या सगळा. उरला तर नुसतं ओझं."

उषाबाई मान डोलवायची आणि पुढच्या खेपेला पुन्हा थोडा उरवायची.

त्यात गायत्रीला बेंगळुरूला नोकरी लागली. उद्याची गाडी, कॉम्प्युटरही सोबत जाणार. आईचं एकच टुमणं, "काहीतरी मांगे ठेव व पोरी." टुमणं कसलं, पोरीचे अर्धे कपडे, पुस्तकं, आवडती जांभळी ओढणी तिनं कपाटात कोंडून किल्ली कमरेला खोचली होती. सगळंच नेलं तर पोर परत कशाला येईल? ही भीती तिला आतून कुरतडत होती. गायत्रीनं वाद घालणं सोडून दिलं होतं.

शेवटचं म्हणून उषाबाई खेळायला बसली. विमान उठलं, वर वर गेलं, हवा विरळ झाली. जेट गप्प झालं, रॉकेट पेटलं. ऑक्सिडायझरची पट्टी घसरत तळाला आली, तसं तिचं बोट सवयीनं रॉकेट बंद करायच्या बटणावर गेलं. मागे गायत्री उभी होती. पडद्याच्या काचेत तिचं प्रतिबिंब दिसत होतं. ती कपाटाकडे बघत होती.

उषाबाईनं बोट उचललं.

पट्टी संपली. रॉकेट विझलं. आणि विमान पडलंच नाही! खालून समुद्र सरकला, ढग सरकले, रात्र येऊन गेली, पुन्हा उजाडलं.

"पडत नाही गं हे," उषाबाई म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती.

"नाही पडणार. आता आण खाली."

थ्रस्टरनं धक्का दिला, हवा लागली, राखलेल्या इंधनावर जेट सुरू झालं. विमान हळूच धावपट्टीवर टेकलं. उषाबाईनं पदरानं तोंड पुसलं, कमरेची किल्ली काढली आणि कपाट उघडून पोरीची बॅग भरायला घेतली. सगळ्यात शेवटी ओढणी.

"ती राहू दे की," गायत्री म्हणाली. "तुझ्यासाठी."

"काही नको. बठ्ठं ने," उषाबाई म्हणाली. "येशील तू."