चार इरीनी

शाळेतून आले की माझ्यात काही उरत नसे. सहा तास शिकवणं, वह्यांचा गठ्ठा आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई. अशाच एका संध्याकाळी शेजारचे चाचा दारात उभे राहिले.

चाचा मूळचे किनाऱ्यावरच्या नाटे गावचे. जन्मभर आगबोटीवर भट्टीत कोळसा मारला. आता छाती गेली होती म्हणून रत्नागिरीत लेकीकडे राहत.

"बाय, येक पत्र लिवून देशील? इंग्रजीत."

महायुद्धात त्यांची बोट बुडाली, तेव्हा ग्रीसच्या एका बंदरातल्या इस्पितळात ते तीन महिने पडून होते. तिथल्या एका नर्सने त्यांना हाताने भरवलं होतं. मरण्याआधी तिला सलाम कळवायचा होता.

"नाव काय तिचं?"

"तोच घोळ हाय. इंग्रज डाक्टर आयरीन म्हणायचा. बाजूचा इटलीवाला इरेने. फ्रेंच मडम इरेन, रशियन खलाशी इरिना. ती सोता म्हणायची इरीनी."

आडनाव त्यांना ठाऊक नव्हतं. मी मनातून वैतागले, पण दुसऱ्या दिवशी शाळेतला जाड कोश काढून पाहिला. इरीनी ही ग्रीकांची शांतीची देवता निघाली.

"म्हणजे आमच्यातली शांता," मी चाचांना सांगितलं.

"आन आमच्यातली सलमा, सलामतीवाली," ते म्हणाले आणि खोकेपर्यंत हसले.

पत्र इस्पितळाच्या नावाने पाठवलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: त्या काळात आमच्याकडे या नावाच्या चार नर्सेस होत्या, आपल्याला कोणती हवी?

चाचांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. "चेहरा काय पत्रात लिवता येतो?" मग म्हणाले, "चौघींना सलाम लिव."

त्या दिवशी माझे डोळे मिटत होते. उद्या लिहिते म्हटलं, आणि तो उद्या आठ दिवसांनी उजाडला. चाचांनी एकदाही विचारलं नाही, याचीच मला अजून लाज वाटते.

पावसाळा सरल्यावर एकीचं पत्र आलं. चाचांना भरवणारी ती नव्हती. ती दुसऱ्या वॉर्डात होती, तरी बुडालेल्या बोटीवरचा हिंदी माणूस तिला आठवत होता. तुमची इरीनी लढाईनंतर लग्न करून एका बेटावर गेली, तिला दोन मुली आहेत, असं तिने लिहिलं होतं.

मी वाचून दाखवलं. चाचांनी डोळे मिटून ऐकलं.

"बरी हाय ना?"

"बरी आहे."

"मंग झालं. जा बाय, तू दमलीस. पड जरा."