पंगतीचा नकाशा

"चाव," तो म्हणाला.

कागद माझ्या तोंडात कोंबलेला होता. दोघांनी माझे हात मागे पिळले होते, तिसऱ्याने जबडा दाबून धरला होता. भर दुपारी, प्राध्यापक-कक्षात. एकही सहकारी खुर्चीवरून उठला नाही.

तो आमच्या संस्थेचा संचालक. पवनीकडच्या एका गावात शंभर एकर धानाचा मालक.

"गावची अब्रू भिंतीवर टांगून राहिला काय बे, मास्तर?"

तो कागद म्हणजे त्याच्याच गावच्या माझ्या विद्यार्थिनीने काढलेला नकाशा होता. त्याच्या घरच्या लग्नातल्या पंगतीचा. मांडवात कोण बसले, अंगणात कोण, आणि घरून स्वतःचे ताट आणून गोठ्यामागे कोण. ती स्वतः वडिलांसोबत गोठ्यामागे बसली होती. 'अर्पित दर्जा' हा मथळा मी दिला होता. माणसाला जन्माने चिकटतो तो दर्जा. समाजशास्त्र विभागाच्या फलकावर नकाशा लावलाही मीच.

जबडा सुटला. मी कागद थुंकला. सोबत रक्त.

"कोनं सांगतलं हे काढाले?"

"त्या मुलीनं स्वतःच्या मनानं केलं," मी तिचे नाव सांगत म्हणालो.

खोटे. 'डोळ्यांनी पाहिले तेच काढा,' असे वर्गात मीच बजावले होते.

त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना चौकात बैलगाडीच्या उभारीने, त्या जाड दांड्याने, मारले. तिच्यासमोर. हाताचे हाड कातडी फाडून बाहेर आले. पाणी मागितले, तर तोंडावर लाथ बसली.

दवाखान्यात तिने एवढेच विचारले, "सर, तुमी माहं नाव काहून घेतलं?"

सत्तावीस वर्षे मी सामाजिक नियंत्रणाची, म्हणजे समाज माणसाला कसा धाकात ठेवतो त्याची, व्याख्या फळ्यावर लिहीत आलो. त्या व्याख्येवर पाच गुणांचा प्रश्नही काढला. लहानपणी मीही बापाचे बोट धरून अशाच एका गोठ्यामागे जेवलो आहे, हे मात्र कोणत्याही वर्गात बोललो नाही. प्राध्यापक झाल्यावर तीच माणसे मला मांडवात बसवू लागली. मला वाटले, हा अर्जित दर्जा, कष्टाने मिळवलेला. ती सवलत होती. अट एकच, गप्प राहायचे. मी ती निष्ठेने पाळली.

आठवड्याने तडजोडीची बैठक झाली. तयार मजकूर पुढे सरकवला गेला. नकाशा काल्पनिक, बाप गाडीवरून पडला.

"कर सही. अन् पहिल्यासारखा येत जा जेवाले."

मी उभा राहिलो. माझा आवाज मुळातच लहान आहे. तरी सर्वांना ऐकू गेला.

"नकाशा खरा आहे. तो काढायला मी सांगितलं होतं. त्या दिवशी मी खोटं बोललो."

पहिल्या फटक्यात दात तुटला. दुसऱ्यात डाव्या कानाचा पडदा फाटला. मी पुन्हा उभा राहिलो. तिसरा बसला. पुन्हा उभा राहिलो. सही केली नाही.

तिथून तसाच पोलीस ठाण्यात गेलो आणि जबानी दिली. आता निरोप येतात. तक्रार मागे घे, नाही तर नोकरी जाईल, जीवही जाईल. दोन्ही जाऊ शकतात, हे मी जाणतो. मी क्षमा मागत नाही. ती देण्याचा अधिकार त्या मुलीचा आहे आणि तिने ती दिलेली नाही. देऊही नये.

न्यायालयात मी आधी माझा गुन्हा सांगेन. मग त्यांचा. एकेकाचे नाव घेऊन.