पाठीचं दुखणं

माझे वडील शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात आणि घरात आम्हीही तेच म्हणतो. बायकांचे कपडे शिवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांनी टेप लावायची, आकडा मोठ्याने सांगायचा आणि मी तो वहीत लिहायचा, ही आमची पद्धत. खांदा चौदा, छाती छत्तीस, कंबर तीस. भाजीवाल्याने भाव सांगावा तसा खणखणीत आवाज. नवं गिऱ्हाईक जरा अवघडायचं, पण या माणसाच्या डोक्यात कापडापलीकडे काही नाही, हे दोन मिनिटांत कळायचं.

दिवसातून पन्नास वेळा घेतलेला 'छाती' हा शब्द स्वतःच्या बायकोच्या वेळी मात्र त्यांच्या तोंडून निघेना. आईच्या डाव्या बाजूला कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून स्तन काढावा लागला. दवाखान्यातून घरी येताना मास्तर गाडीतच म्हणाले, "कुणी विचारलं तर पाठीचं सांगायचं. मणका सरकला म्हणायचं." आई खिडकीबाहेर बघत होती. ती नाही म्हणाली नाही. मीही नाही. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटलं. पाठ बरी. पाठीबद्दल चारचौघांत बोलता येतं.

घर मात्र मुकाट्याने बदललं. आईचा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून वरच्या फळीवरचे डबे खाली आले. ज्या मास्तरांनी जन्मात चहाचा कप विसळला नव्हता, ते चादरी पिळायला लागले. आईचे सगळे कपडे उसवून त्यांनी पुढून उघडणारे केले, डावीकडे आतून खिसा लावला आणि त्यात कात्रणांची छोटी उशी बसवली. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून ती चार वेळा उसवली. पण त्या उशीला नाव दिलं नाही. सुदैवाने आईचं गोळ्यांवर भागलं, केस गेले नाहीत, म्हणून आमचं खोटंही टिकलं.

मावशी, म्हणजे आईची धाकटी बहीण, दोन दिवस राहायला आली ती गरम पाण्याची पिशवी घेऊनच. आई तिच्याकडे पाठ करून बसली आणि मावशी तासभर शेकत राहिली.

"नेमकं कुठे दुखतं गं ताई? इथे की खाली?"

"खाली," आई म्हणाली.

मी दारात उभी होते. मला हसू आलं. चेहरा लपवायला मी आत पळाले.

अकरा महिन्यांनी मावशी दुकानात आली. तिला बढती मिळाली होती, ऑफिससाठी दोन नवे कपडे शिवायचे होते. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसलेली. "खांदा तेरा," मास्तर म्हणाले, मी लिहिलं. टेप पुढे आली तशी मावशी आकसली.

"जरा सैल धरा भाऊजी. गाठ आहे तिथे."

"कधीपासून?"

"झाले चार महिने. दाखवली की डॉक्टरीणबाईंना. त्यांनी विचारलं, आई-बहिणींत कुणाला कॅन्सर होता का? म्हटलं, छे, आईला दमा होता आणि ताईची पाठ. मग म्हणाल्या, साधीच वाटते, तरी तपासणी करून घ्या. ती राहिलीच बघा."

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी सांगावं असं त्यांना वाटत होतं. मी वहीत डोकं खुपसलं. त्यांनी सांगावं असं मला वाटत होतं. इतके आम्ही भेकड.

"ताईची पाठ नव्हती," शेवटी मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज मला कसाबसा ऐकू आला.

"मग?"

"छाती. डावी. काढून टाकली."

मावशी खुर्चीवर बसली. काय झालं ते कळायला तिला वेळ लागला नाही. तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मास्तरांना सोडून ती माझ्याकडे वळली.

"तुला तर मी फोनवर सांगितलं होतं ना गं? गाठ लागली त्याच आठवड्यात?"

सांगितलं होतं. ताईला बोलू नकोस, उगाच घोर लावून घेईल, असंही म्हणाली होती. मी म्हणाले होते, "काही नसेल गं मावशी." आणि फोन ठेवला होता. हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. ते टेप गुंडाळायला लागले आणि त्यांच्याकडून ती गुंडाळेना.

दुसऱ्या दिवशी आईच मावशीला घेऊन आपल्या डॉक्टरांकडे गेली. मावशीच्या कागदावर, घरच्यांच्या आजारांच्या रकान्यात, तिने स्वतःचा आजार नावासकट लिहिला. मावशीची गाठ कॅन्सरची निघाली, काखेपर्यंत पोचलेली. चार महिन्यांपूर्वी ती तिथवर पोचली होती का, हे कुणालाच सांगता येत नाही. मला हा प्रश्न विचारायचीही लाज वाटते.

मावशीचं ऑपरेशन झालं, आता सलाईनमधून औषधं चालू आहेत. माझ्याशी ती चांगलं बोलते. जेवलीस का, दुकान कसं चाललंय, सगळं विचारते. तिची तब्येत मी विचारली की म्हणते, "काही नाही गं." आणि फोन ठेवते.