मधूचं सगळे ऐकायचे

मधू गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरबाडजवळच्या एका गावात, समाजमंदिरात, फवारणी करताना घ्यायच्या काळजीविषयी बोलत होतो. समोर भेंडी लावणारे शेतकरी बसले होते आणि त्यातल्या निम्म्यांच्या माना मोबाइलमध्ये होत्या. फोन ठेवून मी सांगितलं, शहापूरचे मधुकर सर आज सकाळी हृदयविकाराने गेले. सगळे मोबाइल खाली झाले. एक म्हातारा उठून उभा राहिला, मग एकेक करत सगळेच उभे राहिले. माझे डोळे भरून आले होते... आणि खोटं कशाला बोलू, त्याच क्षणी मनात आलं, जाता जाताही हा भाव खाऊन गेला.

आम्ही कृषी पदविकेला एका बाकावर. तो डोळखांबकडचा, मी मुरबाडचा. पुढे दोघांनाही एकाच संस्थेत काम मिळालं, शेतकऱ्यांना कीटकनाशकं जपून वापरायला शिकवण्याचं. शहापूर त्याच्याकडे, मुरबाड माझ्याकडे. रंगीत पाण्याचा प्रयोग मी एका प्रशिक्षणातून आणला होता. पंपात औषधाऐवजी गुलाबी पाणी भरायचं, शेतकऱ्याला पांढरा सदरा घालून फवारायला लावायचं आणि रंग कुठे कुठे उडाला ते सगळ्यांना दाखवायचं. लोक बघायचे, हसायचे आणि घरी जायचे. मधूनं त्यात एवढीच भर घातली की फवारणी संपली की तो म्हणायचा, "चला, आता न्याहारी. रोज करता तशीच करा." आमच्याकडे बांधावरच भाकरीचं फडकं सोडतात, हात धोतराला नाहीतर गवताला पुसले की झालं. तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी पहिल्याच तुकड्याला गुलाबी व्हायची. मग कुणी हसायचं नाही. पाणी माझं, भाकरी त्याची, आणि दोन्ही तालुक्यांत नाव झालं ते भाकरीवाल्या सरांचं. याचा मला राग यायचा, आणि तो तोंडावर हसू ठेवून गिळावा लागायचा.

पण खरा सल घरातला होता. माझा थोरला भाऊ, दादा, उघड्या अंगानं फवारायचा. औषध हातानंच ढवळायचा, वारा तोंडावर घेत सरीतून चालायचा आणि संध्याकाळी डोकं धरून ओट्यावर पडायचा. एक दिवस हा शेतातून परत यायचा नाही, अशी धास्ती मी वर्षानुवर्षं बाळगली. समजावलं, भांडलो, हातमोजे आणून दिले. ते गोठ्याच्या खुंटीला लटकत राहिले. "तुला काय रे, तू भाषणं करतोस. मला पिकवायचा हाय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मग एकदा मधू जेवायला आला, दादाबरोबर शेतावर चक्कर मारून आला, आणि पुढच्या फवारणीला दादा पूर्ण बाह्यांचा सदरा, तोंडाला फडकं, हातात मोजे अशा थाटात निघाला. फवारणीचे कपडेही वहिनी वेगळे धुऊ लागली. मी विचारलं तर म्हणाली, "मधूभाऊजींनी सांगितलाय." भाऊ सावरला याचा आनंद मोठाच होता. तो माझ्यामुळे सावरला नाही, हे मात्र मला काही केल्या पचेना.

आमची शेवटची भेट आटगाव स्टेशनबाहेर चहावर झाली. आदल्या दिवशी मी ड्रोननं केलेली फवारणी पाहिली होती आणि तेच कौतुक सांगत सुटलो होतो. माणूस शेतात नाही, अंगावर थेंब नाही, आता आपलं काम संपलं म्हणून समज, असं मी म्हणालो. मधू बशीतला चहा संपवून म्हणाला, "माणूस लांब राहिला हे चांगलंच. पण औषध मारायचं सोपं झालं की लोक जास्त मारतील. आधी सापळ्यात किडी किती पडल्या ते बघा, पिकातले किडी खाणारे कोळी-चतुर ओळखा, पक्ष्यांना बसायला काठ्या रोवा. एवढं करून नाहीच भागलं तर ड्रोन. हे कोण शिकवणार? आपलं काम आता कुठे सुरू होतंय..." मी मान डोलावली आणि आतल्या आत जळलो, कारण हे मला सुचायला हवं होतं.

त्याचे दिवस झाल्यावर परवा त्याच्या घरी गेलो. वाटेतच त्याचा थोरला भाऊ, अण्णा, मिरचीवर फवारताना दिसला. उघड्या अंगानं, वारा समोरून घेत. मी जागच्या जागी थांबलो. घरी मधूच्या बायकोला त्याविषयी विचारलं. ती म्हणाली, "सगळा तालुका त्यांचा ऐकायचा, यो एक माणूस नाय. कालचा पोर मला शिकवतो, म्हणायचे अण्णा. भाकरी दाखवली तर ताटावरून उठले. तुमच्या दादांनी यांचा ऐकला ना, त्यावरून लय जळायचे हे तुमच्यावर. म्हणायचे, त्याचा भाऊ बघ, नायतर आमचा..."

मधू माझ्यावर जळायचा. मी तिथेच ओट्यावर बसलो.

अण्णा हात पुसत आला, तेव्हा माझ्याकडे ना पंप होता ना रंग. मी त्याला दादाचं दुखणारं डोकं सांगितलं, मला वाटायची ती धास्ती सांगितली. मधूलाही हीच धास्ती असणार, हेही सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला. चहा झाल्यावर आत गेला आणि मधूचा चौकटीचा, पूर्ण बाह्यांचा सदरा घालून बाहेर आला. सदरा त्याला खांद्यात घट्ट होत होता. "अर्धा वावर राहिलाय," तो बाह्यांची बटणं लावत म्हणाला. "तुमी सांगता ते पटतं, भाऊ. मधूला असा सांगता नाय आला."

हे वाक्य ऐकायला मी उभा जन्म घालवला होता. आता ते ऐकून जळायला मधू नव्हता.